शिलाईचा क्लॅम्प कितीही आवळला तरी लेदर सरकतंय, मागची शिवण वाकडी येतेय: क्लॅम्पमध्ये काय बदलायचं

पुढून शिवण एकदम रेषेत, आणि पाकीट उलटं करून बघितलं की मागे टाके वर-खाली नाचतायत. हाताने लेदर शिवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा त्रास होतो आणि वैताग म्हणजे एकदा निस्तरला असं वाटलं तरी काही दिवसांनी परत येतो. मग नवीन सुया, नवीन दोरा, आरीला (लेदरला भोक पाडायच्या टोच्याला) धार, सगळं करून झालं की शेवटी राग निघतो क्लॅम्पच्या त्या पंखवाल्या विंग नटवर, पक्कड घेऊन तो पिळायचा, लाकूड करकरेपर्यंत पिळायचा, आणि तरी आरी टोचली की लेदर केसभर मागे जातंच. बहुतेक वेळा क्लॅम्प सैल नसतो हो. तो धरतोय, पण भलत्या जागी धरतोय, त्यामुळे आवळून काही होत नाही, क्लॅम्पलाच थोडी कापाकापी करावी लागते.

खाली जे लिहितोय ते आपल्या साध्या लाकडी स्टिचिंग पोनीबद्दल. मांडीखाली दाबायची एक आडवी फळी, तिच्यावर दोन उभ्या फळ्या, एक पक्की आणि एक हलणारी, मधून एक बोल्ट आणि बोल्टला विंग नट. उभ्या फळ्यांची वरची टोकं, ज्यांच्यात लेदर धरायचं, ते जबडे. ऑनलाइन येतात त्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) नाहीतर पाइनच्या, कुणी सुताराकडून सागवानाची करून घेतलेली असते. रचना तीच, त्यामुळे दुखणीही तीच.

आधी आरी तपासून घ्या, उगाच चांगल्या क्लॅम्पवर करवत चालायला नको. नेहमीच्या लेदरचे दोन तुकडे चिकटवा, टेबलावर कॉर्क किंवा जुनं रबर ठेवून त्यावर आरी टोचून बघा. अलगद आरपार गेली तर ठीक. खांद्यातून जोर द्यावा लागत असेल तर तिला बारीक पॉलिश पेपर आणि मग चामड्याच्या पट्टीवर पॉलिशिंग कंपाउंड लावून घासा, कारण बोथट आरी कुठल्याही क्लॅम्पमधून लेदर ढकलणारच.

आरी चांगली आहे? मग आता रद्दीतल्या पेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. जबड्यात नेहमीच्या जाडीचा लेदरचा तुकडा धरा, आणि लेदर आणि जबडा यांच्यामध्ये ती पट्टी वरून फक्त ५ मिमी आत घाला, डावीकडे एक, मध्ये एक, उजवीकडे एक. हाताने जेवढा आवळतो तेवढाच नट आवळा, पक्कड नको. आता एकेक पट्टी ओढा. फाटली म्हणजे तिथे पकड आहे, सुळकन निघून आली म्हणजे तिथे पकडच नाही. अजून स्पष्ट बघायचं असेल तर पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवून ते लेदरसकट जबड्यात आवळा, उघडल्यावर कागदावर निळा पट्टा उमटतो, जबडा नेमका कुठे टेकतोय त्याचा नकाशाच समजा. स्टेशनरीवाल्याकडे कार्बन अजून मिळतो.

बऱ्याच क्लॅम्पमध्ये काय दिसतं तर वरच्या पट्ट्या सगळ्या निघून येतात आणि निळा पट्टा खाली, जबड्याच्या आतल्या कडेला उमटलेला असतो. कारण भूमिती आहे. दोन्ही फळ्या तळाशी एकमेकींना चिकटून स्क्रूने बसवलेल्या असतात, नाहीतर बिजागरीवर. रिकामा क्लॅम्प बंद केला की जबडे छान मिटतात, विकणारा तेवढंच दाखवतो. पण मध्ये ४ मिमी लेदर आलं की फळ्या तळाशी जोडलेल्याच राहतात आणि वर फाकतात. समजा तळापासून जबड्याची वरची कड २५० मिमीवर आहे आणि जबडा २५ मिमी उंच आहे. खालच्या कडेला ४ मिमी फट असेल तर वर ती होते साधारण ४.४ मिमी. आखूड क्लॅम्प, म्हणजे तळापासून १२० मिमीचाच असेल तर वरची फट जाते ५ मिमीच्या पुढे, अख्खा १ मिमीचा फरक. आणि आपण शिवतो कुठे? जबड्याच्या वरच्या कडेच्या ३ ते ५ मिमी वर. म्हणजे जिथे आरीचा धक्का बसतो तिथून पकड आहे जवळजवळ ३० मिमी खाली, मधलं लेदर अधांतरी, ते मागे वाकतं, आरी तिरकी निघते आणि मागचा टाका रेषा सोडतो. जेवढं लेदर जाड तेवढं हे जास्त, म्हणूनच कार्ड होल्डर ठीक येतो आणि बेल्टला घोळ होतो.

उपाय फार स्वस्त आहे. तळाशी फळ्यांमध्ये पॅकिंग घाला. स्क्रू सैल करा, हलणाऱ्या फळीच्या बुडाशी, पूर्ण रुंदीभर, प्लायची किंवा कडक चामड्याची पट्टी घाला आणि परत आवळा. पट्टीची जाडी किती, तर तुम्ही जे सगळ्यात जाड शिवता त्यापेक्षा १ मिमी जास्त. ४ मिमीचं काम असेल तर ५ मिमीचं पॅकिंग. मग फळ्या वर किंचित आत झुकलेल्या राहतात, वरची कड आधी टेकते, आणि आपल्याला तेच हवं असतं. पातळ लेदर असलं तरी वरचीच कड धरते. फक्त हौसेने १०-१२ मिमीचं पॅकिंग कोंबू नका, मग नुसती धार टेकते आणि लेदरवर आडवा वळ उठतो जो घासून जात नाही. बिजागरीवाला क्लॅम्प असेल तर पॅकिंग बिजागरीच्या पानाखाली घालायचं आणि स्क्रू तेवढे लांब घ्यायचे.

आता तो नट आपोआप सैल होण्याचा प्रकार. एक मित्र पुण्यात धनकवडीला राहतो, फावल्या वेळात बेल्ट करतो, क्लॅम्प घेऊन आला आणि म्हणाला, "अरे, बोल्ट नवा टाकला, स्प्रिंग वायसर टाकला, तरी थोडे टाके झाले की सैल." विंग नट काढला, वायसर काढला आणि खालचं लाकूड बघितलं. वायसरचा ठसा पूर्ण गोल नव्हताच, वरच्या बाजूला खोल चंद्रकोर रुतलेली आणि खालच्या बाजूला पॉलिश जसंच्या तसं, आणि भोक वरखाली ओढल्यासारखं अंडाकृती झालेलं. तेच वर सांगितलेलं दुखणं, दुसऱ्या टोकाने दिसणारं. फळी वर फाकलेली, बोल्ट आडवा सरळ, त्यामुळे वायसर फक्त वरच्या कडेवर टेकतो, सगळा जोर त्या चंद्रकोरीवर येतो, लाकूड तिथे दबत जातं आणि जेवढं दबलं तेवढा नट सैल. तुमच्याकडे नट सैल पडत असेल तर आधी हा ठसा बघा, बोल्टला दोष देण्याआधी.

पॅकिंग टाकल्यावर हे बरंचसं बरं होतं. शिवाय हलणाऱ्या फळीतलं भोक मुद्दाम उभं लांबट करा, एम८ बोल्ट असेल तर रुंदी ८-९ मिमी आणि उंची १२ मिमीपर्यंत, गोल कानशीने दहा मिनिटांचं काम. फळी कमानीत फिरते आणि बोल्ट सरळ असतो, त्याला वावरायला जागा पाहिजे, नाहीतर तो भोकात अडकतो आणि आपल्याला वाटतं घट्ट झालं. लोखंडी वायसरच्या खाली सोलच्या जाड चामड्याचा, ४-५ मिमीचा वायसर कापून घाला, तो थोडा दबतो आणि तिरका जोर सावरून घेतो. वायसर मोठा घ्या, गाड्यांच्या मडगार्डला लावतात तसला. रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं सुटं मिळतं, कॅरेज बोल्ट, टी नट, स्प्रिंगा, नॉब, एकेक नग सुद्धा देतात, फक्त दुचाकीवर किंवा बसने जा, चारचाकी नेलीत तर पार्किंग शोधण्यात अर्धी सकाळ जाईल.

एमडीएफवाल्यांसाठी एक जास्तीचं. कॅरेज बोल्टची चौकोनी मान एमडीएफमध्ये टिकत नाही, कडा भुसभुशीत होतात आणि नट फिरवला की बोल्टही बरोबर फिरतो. तिथे बाहेरून सागवानाचा किंवा चांगल्या प्लायचा तुकडा फेविकॉल आणि स्क्रूने बसवा आणि पटाशीने चौकोनी खाच करून बोल्ट त्यात ठोका. सागवानाचा तुकडा हवा म्हणून थेट भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला जायची गरज नाही, घराजवळ कुठे फर्निचरचं काम चालू असेल तर सुताराला विचारा, त्यांच्याकडे असले तुकडे पडलेलेच असतात. आणि जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी मोडक्या खुर्चीचे पाय मिळाले तर त्याच्यासारखं लाकूड नाही, वर्षानुवर्षं वाळलेलं, आता ते काय वाकणार.

बोल्ट कुठल्या उंचीवर आहे हेही बघा. बोल्ट तळापासून १०० मिमीवर आणि जबडा २५० मिमीवर असेल तर बोल्टच्या जोरातला साधारण ४० टक्केच जबड्यापर्यंत पोचतो. तोच बोल्ट १८० मिमीवर नेला तर ७२ टक्के. म्हणजे पिळापिळी न करता जवळजवळ दुप्पट पकड. पण मग जबड्याच्या वरच्या कडेपासून बोल्टपर्यंत जागा राहते ७० मिमी, त्यात बेल्ट आणि कार्ड होल्डर मावतो, मोठी बॅग बोल्टला अडते. माझं मत सरळ आहे, दोन भोकं पाडून ठेवा. रोजच्या कामाला वरचं, बॅगेला खालचं. बोल्ट काढून घालायला काय वेळ लागतो.

काही जणांची पट्टी-परीक्षा मध्ये पास होते आणि एका टोकाला नापास. छोटं काम जबड्याच्या डाव्या कोपऱ्यात धरलं की उजवा कोपरा रिकामा राहतो, फळी तिकडे झुकते आणि पकड तिरकी होते. उजव्या कोपऱ्यात त्याच जाडीचा टाकाऊ तुकडा धरा, संपलं. दोरीला बांधून क्लॅम्पलाच लटकवून ठेवा म्हणजे शोधायला नको.

आता अस्तर, म्हणजे जबड्यांना आतून चिकटवलेलं आवरण. प्रॉब्लेम परत परत येतो त्याचं मुख्य कारण इथे आहे. दोऱ्याला मेण असतं, ते लेदरला लागतं, लेदरचं जबड्याला लागतं, आणि हळूहळू जबड्यावर काळपट चकचकीत थर चढतो. नखाने खरवडून बघा, नखात मेण येईल. त्या थरावर लेदर तेल लावल्यासारखं घसरतं. अस्तर चामड्याचं असेल तर तारेच्या ब्रशने किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खडबडीत करून घ्या. रॉकेल-पेट्रोल वापरू नका, मेण निघतं खरं पण खालचं चिकटवलेलंही सुटतं. अस्तर पार दबून दगड झालं असेल तर सरळ नवीन लावा.

नवीन लावताना व्हेज टॅन (झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं) चामडं घ्या, २ मिमीच्या आसपास, रंग न दिलेलं, आणि खरखरीत बाजू बाहेर ठेवा, गुळगुळीत बाजू लाकडाला. सायकलच्या ट्यूबचं रबर लावायचा सल्ला बरेच जण देतात. पकड जबरदस्त मिळते यात वाद नाही, पण फिक्या लेदरवर काळं उतरतं आणि ते जात नाही, काळ्या-तपकिरी कामालाच ठीक. रंगीत क्रोम लेदरचं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचं) अस्तरही टाळा, पावसाळ्यात दमट झालं की रंग सोडायची शक्यता असते. चिकटवायला बूटवाले वापरतात ते रबरी सोल्यूशन, दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच बसवायचं, एकदा टेकलं की हलत नाही त्यामुळे आधी पेन्सिलने रेघ मारून घ्या. पावसाळ्यात सुकायला जास्त वेळ लागतो, घाई केली की कोपरे उचकटतात. मुख्य म्हणजे अस्तर वरच्या कडेवर संपवू नका, रापीने (चामडं तासायच्या सुरीने) कड पातळ करून ते कडेवरून बाहेरच्या अंगाला २०-२५ मिमी वळवून चिकटवा. कडेवर संपवलेलं अस्तर दोरा घासून घासून पहिलं तिथेच सुटतं, आणि नेमकी तीच जागा आपल्याला घट्ट हवी असते.

अस्तर लावायच्या आधी, लाकूड उघडं आहे तोवर, जबड्यांची बाहेरची वरची कड रंध्याने किंवा कानशीने ४५ अंशात उतरवून टाका. आरी धरलेल्या हाताची बोटं तिथे आपटतात, आणि आपटू नयेत म्हणून आपण नकळत लेदर वर ओढून धरतो, शिवण कडेपासून १०-१२ मिमी वर जाते आणि पुन्हा अधांतरी लेदर.

लोखंडाबद्दल थोडं, कारण हे डाग बघून लोक क्लॅम्प फेकून द्यायला निघतात. व्हेज टॅन चामड्यात टॅनिन असतं, ते ओलसर असताना लोखंडाला लागलं की निळा-काळा डाग पडतो. आपल्या कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि हिरडा अधिक लोखंड म्हणजे जुन्या काळचा काळा रंगच, त्यात आश्चर्य काही नाही. क्लॅम्पमध्ये हे होतं बोल्टपाशी, रुंद काम खाली लोंबतं आणि बोल्टच्या आट्यांना टेकतं. बोल्टवर आतल्या बाजूला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा चढवा, झाडांना पाणी घालायच्या पाइपचा चालतो, किंवा बोल्टच स्टेनलेसचा घ्या. नळीमुळे आट्यांनी लेदर खरवडायचंही थांबतं. ताजा डाग लिंबाच्या रसाने फिका पडतो, पण आधी टाकाऊ तुकड्यावर बघा.

विंग नटच्या पंखात दोरा अडकणं, हे तर सगळ्यांचंच. लांब दोरा ओढला की त्याचा वळसा बरोबर त्या पंखावर जाऊन बसतो, झटका बसतो, आणि तो झटका लेदरही हलवतो. नुसता गोल नॉब लावला तरी सत्तर टक्के अपेक्षा पूर्ण होतात म्हणा ना. पण खरी मजा क्विक रिलीजमध्ये आहे. सायकलच्या सीटच्या क्लॅम्पला जो लिव्हर असतो, तो बोल्टसकट सुटा मिळतो, आणि जुन्या पुण्यात सायकलच्या सामानाची काही कमी नाही. बोल्टची लांबी मोजून घ्या, दोन फळ्या, लेदर आणि वायसर मिळून होतं त्यापेक्षा १० मिमी तरी जास्त पाहिजे. लांबी कमी पडली तर फळ्यांना बाहेरून खाच पाडून लिव्हर आत बसवता येतो. नटने जाडी एकदा जमवली की नंतर लिव्हर उघड-बंद, काम पुढे सरकवायला दोन सेकंद. लिव्हर मिटल्यावर तळहाताला थोडा कडक लागला पाहिजे, बोटाने मिटत असेल तर पकड कमी आहे. दोन्ही फळ्यांच्या मध्ये बोल्टवर एक हलकी स्प्रिंग घातलीत तर लिव्हर उघडल्याबरोबर जबडे आपोआप फाकतात, हात मोकळा राहतो. लिव्हर तुमच्या डाव्या अंगाला खाली तोंड करून मिटेल असा लावा, दोरा त्यावरून घसरून जातो.

खालची फळी मांडीखाली हलत असेल तर तिच्या बुडाला उरलेलं चामडं खरखरीत बाजू बाहेर ठेवून चिकटवा, खुर्चीवर बसत असाल तर G आकाराच्या लोखंडी क्लॅम्पने टेबलाला धरा. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांनी फळी दोन्ही मांड्यांखाली जाईल एवढी लांब घ्यावी. जबडा छातीच्या खालच्या टोकाच्या उंचीला आला की मान वाकत नाही आणि आरी आडवी सरळ जाते, ती सरळ गेली की निम्मं काम तिथेच झालं.

राहता राहिल्या मोठ्या बॅगा, जिथे दर चार टाक्यांनी काम सरकवावं लागतं. त्यासाठी जुने खोगीर शिवणारे पायाने आवळायचा क्लॅम्प वापरायचे, तो आपल्यालाही जमतो. बोल्टच्या भोकाऐवजी दोन्ही फळ्यांत ३० मिमी रुंद आडवी खाच पाडा, २५ मिमीचा नायलॉनचा पट्टा घ्या, बॅगेच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतो. पट्ट्याचं एक टोक हलणाऱ्या फळीच्या बाहेर लाकडी खुंटीला अडकवा, पट्टा दोन्ही खाचांतून पक्क्या फळीच्या बाहेर काढा, तिथून खाली वळवून पायाने दाबायच्या वेगळ्या फळीला बांधा. पाय दाबला की जबडा मिटतो, उचलला की उघडतो. पट्टा जिथून वळतो ती खाचेची कड गोल करून गुळगुळीत घासा, धारदार ठेवलीत तर नायलॉन तिथेच कातरतो. अर्थात यासाठी क्लॅम्प बाकाला किंवा स्टुलाला पक्का पाहिजे, मांडीखाली धरून हे होत नाही. पट्टा वापरताना बोल्ट आणि स्प्रिंग दोन्ही काढून ठेवा, बोल्ट आत राहिला तर मोठ्या बॅगेला तोच पुन्हा आडवा येतो, मग पट्ट्याचा काय उपयोग.